सतरंज्या कोण उचलणार?

"ताई, येताना मुलींना आणा हं, कार्यक्रम मोठा आहे." वाचनालयाच्या कार्यवाहांचा असा निरोप आला की काय हवंय ते मला आता न सांगता कळतं. पाहुण्यांना ओवाळायला दोघी, स्वागतगीताला चौघी, दारात रांगोळी घालायला हात बरा असलेली एक, आणि शेवटी सतरंज्या गोळा करायला उरलेल्या सगळ्या. त्याच वयाची मुलं तेव्हा माईकपाशी उभी असतात, वायर कुणी ओढायची यावर त्यांचं भांडण चाललेलं असतं. कार्यक्रमाच्या अहवालात मात्र छापून येतं : 'किशोरवयीन मुलींचा उत्स्फूर्त सहभाग.'

या 'उत्स्फूर्त' शब्दाशी माझं भांडण आहे, आणि ते आपल्या साऱ्याजणींसमोर मांडायचं आहे.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सार्वजनिक वाचनालयात, मी गेली तीन वर्षं तेरा ते सतरा वयाच्या मुलींचा गट चालवते. दर शनिवारी दुपारी बारा-पंधराजणी येतात. सुरुवात केली तेव्हा त्यांना बसायला जागाच नव्हती. बालविभागात लहान मुलांच्या गोष्टींची पुस्तकं. महिला विभाग म्हणजे एक लोखंडी कपाट : पाककृती, विणकाम, व्रतवैकल्यं, बाळंतिणीची काळजी. किल्ली अध्यक्षांच्या टेबलाच्या खणात. अभ्यासिकेत सकाळपासून स्पर्धा परीक्षेची मुलं ठाण मांडून. पंधरा वर्षांची मुलगी ना बालक ना महिला, मग तिनं जायचं कुठं? शेवटी मागच्या व्हरांड्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी आम्हांला जागा मिळाली. तीही 'मुली वाचनालयाला मदत करतील' या अटीवर.

अट मी आनंदानं मान्य केली. माझी पहिली चूक ती. मुली पुस्तकांना कव्हरं घालू लागल्या, शिक्के मारू लागल्या, दाखलनोंदवहीत नवीन पुस्तकं चढवू लागल्या. त्यांना ते आवडायचंही. स्वतःच्या अक्षरात दाखल क्रमांक लिहिताना एकेकीची मान अशी ताठ व्हायची की बघत राहावं. पण चार महिन्यांनी कळलं की कव्हरं घालायला, पुस्तकं लावायला अर्धा दिवस येणाऱ्या बाईंना समितीनं 'सध्या येऊ नका' म्हणून सांगितलंय. मुली फुकट करतातच की! या बाई नवऱ्यामागं दोन पोरं वाढवत होत्या. मी मुलींना 'सेवाभाव' शिकवत होते आणि त्या सेवेनं एका बाईच्या पोटावर पाय आणला होता.

मुलींना मी हे सगळं सांगितलं. पुढच्या शनिवारपासून एकीनंही कव्हराचा कागद हातात धरला नाही. बाईंना परत बोलावलं गेलं, पण आता दिवसाच्या हिशोबानं. तेव्हापासून स्वयंसेवा हा शब्द कानावर आला की मी आधी विचारते, हे काम काल कोण करत होतं आणि तिला किती मिळत होते?

आता 'कलागुणांना वाव'. समितीच्या मते मुलींचे कलागुण म्हणजे मेंदी, रांगोळी, पुष्परचना आणि 'आई माझा गुरू' या विषयावर वक्तृत्व. रांगोळीशी माझं वैर नाही, मी स्वतः बरी काढते. पण मुलींना हवं होतं भित्तिपत्रक. पहिले दोन अंक पावसाळा आणि परीक्षा यांवर निघाले, सगळ्यांनी कौतुक केलं. तिसऱ्या अंकाला त्यांनी नाव दिलं 'घड्याळ'. मधोमध दोन घड्याळं, एक स्वतःचं, एक भावाचं. पहाटे पाचला नळ येतो तेव्हा कोण उठतं, भाकऱ्या कोण थापतं, धाकट्याला शाळेत कोण पोचवतं, आणि संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर कोण असतं. आरोप नाहीत, घोषणा नाहीत, नुसत्या वेळा. शनिवारी लावलेला अंक सोमवारी काढून टाकला होता. 'घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?' असं मला ऐकवलं गेलं. वर, 'वाचनालयात राजकारण नको.'

त्याच भिंतीवर सावित्रीबाईंची तसबीर आहे. दर 3 जानेवारीला तिला हार पडतो, गाणं आमच्याच मुली म्हणतात. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मातंग मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 साली 'ज्ञानोदया'त छापून आला. आमच्या समितीपुढं तो आला असता तर त्यांनी तो सोमवारीच उतरवला असता, याबद्दल मला शंका नाही.

आपल्या गटातल्या काही मैत्रिणी मला म्हणाल्या, जरा दमानं घे. 'वाचनालयात जाते' एवढं एकच वाक्य या मुलींच्या घरी चालतं, तेही तोडशील. हे खरं आहे आणि मला बोचतं. 'घड्याळ'नंतर दोघी यायच्या बंद झाल्या. त्यातली एक सोळाची, तिच्यासाठी स्थळं बघायला लागलेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. पाचात एकीहून जास्त. तेव्हा शनिवारचे दोन तास ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि ते माझ्या हट्टापायी गेले असतील तर त्याचा जाब मला द्यावाच लागेल.

तरीही मी त्या मैत्रिणींशी सहमत नाही. कारण सतरंज्या उचलताना एकजण जे बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. "घरीपण हेच असतं ताई, इथं फक्त पंखा आहे." घरातलीच श्रमविभागणी पंख्याखाली करून घ्यायची आणि तिला व्यक्तिमत्त्व विकास म्हणायचं, याला मी दोन तास का वाचवू?

आणि आपण तरी काय करतो? 8 मार्चच्या मोर्चात वस्तीतल्या मुलींच्या हाती जे फलक देतो, त्यांवरचा मजकूर कोण ठरवतं? पथनाट्य आपण लिहितो, त्या पाठ करतात, फोटो अहवालात जातो. चहाचे कप विसळायलाही त्याच थांबतात. समितीवर बोट रोखताना हे मला आठवतं.

मुलींनी काम जरूर करावं, पण त्या कामाबरोबर काही ठरवायचा हक्कही त्यांच्या हाती यावा. दरवर्षीच्या पुस्तकखरेदीतला काही भाग त्यांच्या यादीतून व्हावा, भित्तिपत्रकाच्या फळ्याची किल्ली त्यांच्याकडं असावी, सतरंज्या मुलांनीही पाळीपाळीनं उचलाव्यात. हे समितीला विनंती करून मिळत नाही, तीन वर्षं करून पाहिलं. म्हणून मी वाचनालयाची घटना मागवून वाचली. आमच्याकडं वर्गणी भरणाऱ्या वाचकाला मत नाही. मत आहे ते आजीव सभासदांना, आणि सभासदांच्या यादीत बायका शोधाव्या लागतात. मुली अठराच्या आतल्या, त्या सभासद होऊच शकत नाहीत. त्यांच्या वतीनं उभं राहायचं तर आपल्यालाच राहावं लागेल. तुमच्या गावच्या वाचनालयाची घटना तुमच्यापैकी कितीजणींनी पाहिली आहे?

आम्ही पाचजणींनी आजीव सभासदत्वाचे अर्ज भरले, पैसे चेकनं दिले आणि पावत्या घेतल्या. 'एकदम इतक्या बायका कशा?' अशी चौकशी झाली. अर्ज समितीपुढं आहेत, सर्वसाधारण सभा अजून व्हायची आहे. तोवर भित्तिपत्रक मागच्या व्हरांड्यात दोरीवर चिमटे लावून टांगतो. परवाच्या अंकात मुलींनी हव्या असलेल्या पुस्तकांची यादी दिली आहे. सर्वांत वर लिहिलंय, मोटारसायकल दुरुस्तीचं पुस्तक. खाली अकरा सह्या आहेत.