अँटेनाला मोकळी जागा द्या
अचलपूर-परतवाड्याकडच्या संत्र्याच्या बागेत मातीचा ओलावा मोजून मोबाइलवर कळवणारं यंत्र कायमचं बसवायचं, तर तयार डेव्हलपमेंट बोर्डाला तारा जोडून भागत नाही. स्वतःचा सर्किट बोर्डच आखावा लागतो. २०१६ साली बाजारात आलेल्या ईएसपी३२ या वाय-फाय चिपने हे काम विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आणलं आहे. फक्त नुसती चिप घेऊ नका, अँटेनासकट मिळणारं मॉड्यूल घ्या. रेडिओचं नाजूक गणित त्यात आधीच सोडवलेलं असतं. ते बोर्डाच्या अगदी कडेला असं बसवा, की अँटेना बाहेर राहील. अँटेनाखाली तांबं नको आणि आजूबाजूला निदान १५ मिलिमीटर जागा मोकळी हवी. ३.३ व्होल्टचा पुरवठा किमान ५०० मिलिअँपिअरचा ठेवा. वाय-फाय संदेश पाठवताना प्रवाह एकदम उसळतो आणि पुरवठा दुबळा असला, तर चिप पुन्हापुन्हा रीसेट होते. बागेच्या टोकापर्यंत वाय-फाय पोचत नसेल, तर भारतात परवान्याविना वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यातला लोरा रेडिओ जोडीला घ्या. आयटीआय आणि अभियांत्रिकीच्या मुलामुलींनो, प्रकल्प विकत आणू नका. पहिला बोर्ड आपल्याच गावच्या बागेसाठी आखा.