जुना पलंग कापण्याआधी

सागवान बाजारात घनफुटावर विकले जाते. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत मोजायची, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचे. वखारीतला हिशेब इतका साधा असतो. हाच हिशेब घरातल्या जुन्या डबलबेडला लावून पाहावा. साडेसहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि दीड इंच जाड अशा दोन बाजूपट्ट्या, तीन इंची चौरस आणि दोन फूट उंच असे चार पाय, डोक्याकडची पाच फूट बाय दोन फुटांची इंचभर जाडीची फळी: एवढ्यातच दोन घनफुटांहून अधिक लाकूड भरते. इमारत पुनर्विकासाला जाताना हाच पलंग बहुतेक घरांतून मिळेल त्या किमतीला, कधी नुसता उचलून नेण्याच्या बोलीवर बाहेर पडतो, आणि नव्या घरात पार्टिकल बोर्डाचा पलंग येतो. व्यवहार सरळसरळ तोट्याचा आहे, तरी तो रोज होतो.

सागाच्या टिकाऊपणाचे कारण त्याच्या गाभ्यात आहे. गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही, पाणी लवकर मुरत नाही आणि आत ठोकलेला लोखंडी खिळाही इतर लाकडांच्या मानाने कमी गंजतो. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली; ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. जुन्या मुंबईतल्या घरांत आणि सामानात ब्रह्मदेशातून आलेला सागही मोठ्या प्रमाणात वापरला गेला. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, त्यामुळे त्या प्रतीचे लाकूड नव्याने मिळणे अवघड झाले आहे. लागवडीतला कमी वयाचा साग बाजारात आहे, पण त्यात गाभा कमी आणि कडेचे पांढरे लाकूड जास्त. भुंगेरा लागतो तो या पांढऱ्या भागाला. म्हणून जुन्या पलंगाचा पाय भरीव गाभ्याचा निघाला तर तो राखून ठेवण्याच्या लायकीचा आहे, मग त्याच्यावर कितीही थर ऑइलपेंटचे चढलेले असोत.

सामान वाया जाते ते बहुधा पहिल्या तासाभरात, करवत हाती घेतल्यामुळे. जुन्या सुतारांनी केलेल्या खुर्चीला किंवा पलंगाला स्क्रू फार थोडे असत. एका तुकड्याच्या टोकाला चौकोनी कुसू काढायचे, दुसऱ्यात त्याच्या मापाचे भोक पाडायचे, दोन्ही सरसाने चिकटवायचे आणि वरून बांबूची किंवा सागाचीच खुंटी ठोकायची, अशी ती बांधणी. हा सांधा जसा बसवला तसा सोडवताही येतो. आधी खुंटी शोधावी. पॉलिशखाली ती पावली एवढ्या गडद ठिपक्यासारखी दिसते. ती मागून ठोकून बाहेर काढावी, आरपार नसेल तर गिरमिटाने पोखरावी. मग गरम पाण्यात पिळलेले फडके सांध्याभोवती दहा-पंधरा मिनिटे गुंडाळून ठेवावे. सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद. ऊब आणि ओल मिळाली की तो मऊ पडतो. त्यानंतर सांध्यावर लाकडाचा तुकडा आडवा धरून त्यावर हातोडीने हलके, पण सारख्या अंतराने ठोके द्यावेत. कुसू आधी केसभर सरकते, मग कुरकुरत बाहेर येते, आणि पन्नास-साठ वर्षे उजेड न पाहिलेले लाकूड सोनेरी, ताजे दिसते. प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करायला विसरू नये. जोड्या बदलल्या की कुसू सैल बसते आणि मग पाचर मारत बसावे लागते.

फेव्हिकोल १९५९ मध्ये बाजारात आले आणि पुढे सुतारांच्या हातातून सरसाचे भांडे गेले. पांढऱ्या गोंदाने सुताराचे काम सोपे आणि पक्के केले, यात वाद नाही. पण त्याने जोडलेला सांधा लाकूड न फाटता क्वचितच सुटतो. तिथे सांध्यापासून दोन बोटे सोडून कापणे हाच उपाय उरतो.

कापण्यापूर्वी तीन गोष्टी पाहणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे खिळे. डोके तुटून आत राहिलेला एक खिळा यंत्राचे पाते क्षणात खराब करतो आणि कामगाराच्या डोळ्याला इजाही करू शकतो, म्हणून प्रत्येक पट्टीवरून चांगला जोरकस लोहचुंबक फिरवावा. दुसरी, लहान गोल छिद्रे. खाली पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. तो तुकडा घरातल्या इतर लाकडापासून लगेच वेगळा करावा. तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जुना रंग. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला की ती धूळ श्वासात आणि जमिनीवर खेळणाऱ्या मुलांच्या हातांवर जाते. रंग ओला ठेवून खरवडावा, मास्क लावावा आणि काम घराबाहेर करावे.

आता रूपांतराबद्दल. पलंगाच्या बाजूपट्ट्यांची सलग लांबी हे त्यांचे खरे धन. त्यांचे बाक होते, भिंतीवरच्या फळ्या होतात, दोन पट्ट्या आणि डोक्याकडची फळी मिळून उत्तम अभ्यासाचे टेबल उभे राहते. त्यांचे फूट-फूट तुकडे करून शोभेच्या चौकटी करणे म्हणजे नासाडी. शिवणयंत्राच्या ओतीव लोखंडी पायावर वाड्याच्या दाराची फळी टाकून केलेली टेबले सध्या सगळीकडे दिसतात, आणि ती दिसतातही छान. मात्र फळी पायाला घट्ट आवळली की ती पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात वाकते किंवा चिरते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आक्रसते. म्हणून स्क्रूची भोके रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत. यंत्र चालू असेल, तर मात्र त्याचा पाया मोडू नये. तेलाचे चार थेंब आणि नवा पट्टा एवढ्यावर ते आणखी एक पिढी शिवेल.

वेताच्या खुर्चीला रूपांतराची गरजच नसते. बैठकीची जाळी फाटली म्हणून आख्खी खुर्ची टाकून देणारी घरे पुष्कळ. उभे, आडवे आणि तिरपे असे सहा पदर ओल्या वेताने विणले की वाळल्यावर जाळी ताणून बसते. अंधांच्या शाळांमधून आणि कार्यशाळांमधून ही वीण अनेक वर्षे शिकवली गेली. चौकटीची भोके बोटांनी मोजत, वेत दातांत धरून केलेले ते काम डोळस कारागिराच्या कामाहून तसूभरही कमी नसते. ही विद्या टिकायची तर खुर्च्या दुरुस्तीला यायला हव्यात.

पॉलिशबाबत जुनी पद्धत अजूनही श्रेष्ठ आहे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीच्या गुंडीने पातळ थर चढवत जायचे. कपाचा पांढरा डाग पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात मारता येतो. पॉलियुरेथेनचा थर कणखर असतो, पण चरा पडला की बहुधा पूर्ण पृष्ठभाग घासावा लागतो. जेवणाच्या टेबलाला तो ठीक. कपाटाला, खुर्चीला, देव्हाऱ्याला लाखच लावावी.

सांधे शाबूत आणि घडण अखंड असलेली वस्तू कापूच नये. ती पुसून, पॉलिश करून आहे तशी वापरावी किंवा वापरणाऱ्याला द्यावी. मुंबईतल्या चोरबाजारात किंवा पुण्यात बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अशा वस्तूला गिऱ्हाईक मिळते. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांना आणखी एक करता येईल. इमारत रिकामी करण्याच्या आधीचे दोन-तीन रविवार तळमजल्यावरची एखादी जागा जुन्या सामानासाठी राखावी आणि एक जाणता सुतार बोलवावा. काय सोडवायचे, काय दुरुस्त करायचे आणि काय खरोखर भंगार आहे, हे तो एका फेरीत सांगेल. सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय येत्या बैठकीलाच घ्यावा.