रोज एक फोटो, उणे वीसमध्ये

रविवार दुपार. बाहेर उणे १९ (सेल्सिअस हो, फॅरनहाइटचा हिशोब मला अजून जमत नाही), आत हीटरची घरघर आणि हातात आल्याचा चहा. गेल्या आठवड्यात एका मित्राशी फोनवर वाद झाला. तो काही डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलोय.

झालं असं, की तो म्हणाला, "रोज काय त्याच त्या झाडाचे फोटो टाकतोस रे? जरा फोन खिशात ठेव आणि नुसतं बघ की!" फोटो काढणारा माणूस बघत नाही, हे हल्ली सगळ्यांचंच लाडकं मत झालंय. काही अंशी मलाही पटतं. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर धापा टाकत पोचून पुढची चाळीस मिनिटं स्वतःचंच तोंड टिपणारी मंडळी मीही पाहिली आहेत (त्यात एकदा मीही होतो, असो). पण हिवाळ्यात, रोज आणि एकच फोटो काढणं ही वेगळी गोष्ट आहे. माझ्या बाबतीत तरी त्यानेच मला बघायला लावलं.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात मी ऑनसाइट म्हणून इथे मिनियापोलिसला आलो. मी नाशिकचा. आमच्याकडे निफाडला पारा पाच-सहावर आला की पेपरात पहिल्या पानावर बातमी आणि द्राक्षबागांमध्ये रात्रभर शेकोट्या. तेवढ्या भांडवलावर मी समजत होतो की आपल्याला थंडी माहीत आहे. इथे डिसेंबरात सूर्य पावणेआठच्या पुढे उगवतो आणि साडेचारला मावळतो. डाउनटाउनमधल्या इमारती दुसऱ्या मजल्यावरून काचेच्या बंद पुलांनी जोडलेल्या आहेत, त्यांना स्कायवे म्हणतात. सोय उत्तम, पण त्यामुळे पार्किंगपासून डेस्कपर्यंत आणि डेस्कपासून जेवणापर्यंत बाहेरची हवा लागतच नाही. सोमवार ते शुक्रवार मी सूर्य काचेतून पाहायचो. शनिवार-रविवारी तोही नाही, कारण दुपारी तीनपर्यंत अंथरुणातच. परत जायचंय म्हणून मॅनेजरला मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता. दोनदा उघडून शुद्धलेखनही तपासलं होतं.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. पण आयांना कळतंच. एका रविवारी तिने विचारलं, "बाहेर काय दिसतं रे तिकडे?" मी म्हटलं, "काही नाही, सगळं पांढरं." ती म्हणाली, "मग ते पांढरं पाठव. रोज एक. जेवलास का विचारलं की खोटं बोलतोस, फोटोत तरी कळेल घराबाहेर पडलास की नाही."

तर अशी ही थोर कलासाधना सुरू झाली. :)

पहिले दहा-बारा फोटो भिकार होते. बर्फ चक्क करडा यायचा, धुणं नीट न झालेल्या धोतरासारखा. कारण साधं आहे: कॅमेऱ्याला समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं वाटतं, त्यामुळे एवढं पांढरं दिसलं की तो आपणहून उजेड कमी करतो. एक्स्पोजर मुद्दाम एक-दीड पायरी वाढवलं की बर्फ बर्फासारखा दिसतो. फोनची बॅटरी साठ टक्क्यांवरून एकदम बंद पडायची, म्हणून फोन आतल्या खिशात छातीशी ठेवायला शिकलो. हातमोजा काढायचा, फोटो काढायचा, हातमोजा घालायचा, यात अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ गेला की बोटं आपली राहत नाहीत. म्हणून फोटो काढण्याआधी नीट बघून ठेवावं लागतं. मित्रा, ऐकतोयस ना?

जागा एकच ठरवली. लेक हॅरिएटच्या काठावरचा एक ओक. रोज नवी जागा कोण शोधणार! या झाडाची वाळकी तपकिरी पानं हिवाळाभर फांदीला चिकटून राहतात, हे माझ्या लक्षात यायला एक आठवडा गेला. बर्फावरची सावली काळी नसून निळी असते, हे कळायला दोन आठवडे. सावलीत सूर्याचा थेट उजेड नसतो, तिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो, आणि आकाश निळं असतं. शाळेत हे सगळं शिकलो होतो, तरीही डोळे सावली काळीच रंगवत होते. २१ डिसेंबरला भर दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर येतो. त्याच दिवशी नाशकात ४६-४७ अंश. म्हणजे आपल्याकडे फोटोवाले ज्या तिरप्या उजेडासाठी पहाटे उठतात, तो इथे दिवसभर फुकट! हे समजलं त्या दिवशी मी सूर्याला नावं ठेवणं थोडं कमी केलं.

एक मजेशीर गोष्ट फोटोंच्या वेळांवरून सापडली. वर्षातला सर्वात छोटा दिवस २१-२२ डिसेंबर, पण सर्वात लवकरचा सूर्यास्त त्याच्या दहाएक दिवस आधीच होऊन गेलेला असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, त्यामुळे खरी मध्यान्हच या दिवसांत रोज थोडी थोडी पुढे सरकते. म्हणजे डिसेंबरच्या मध्यातच संध्याकाळी लांबायला लागतात, सकाळी मात्र जानेवारीपर्यंत उशिराच होत राहतात. एकेका मिनिटाने का होईना, संध्याकाळ परत येतेय हे मला त्या झाडाच्या फोटोंत दिसलं. तोपर्यंत ड्राफ्टमधला मेल मी आठवडाभर उघडलेला नव्हता.

व्हरमाँटमधल्या जेरिको गावचा विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी होता. १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या १९ व्या वर्षी, त्याने कॅमेऱ्याला मायक्रोस्कोप जोडून हिमकणाचा फोटो काढला. पुढे आयुष्यभर, हिवाळ्यामागून हिवाळे, त्याने असे पाच हजारांवर फोटो काढले. कण वितळू नयेत म्हणून थंडगार खोलीत उभं राहून! १९३१ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला. मला त्याच्या हिमकणांपेक्षा त्या खोलीचं जास्त अप्रूप वाटतं. लोक उब शोधत असताना हा माणूस गारठा जपत होता.

आता हे सगळं गोड गोड वाटत असेल तर एक प्रसंग सांगतो. इथल्या काही बसस्टॉपांवर हीटर असतात. बटण दाबलं की लागतात, थोड्या वेळाने बंद पडतात. जानेवारीतल्या एका संध्याकाळी तिथे केशरी उजेड पडला होता, काचेवर बर्फाची नक्षी, बाहेर निळा अंधार. मी फोन काढला. मग आत पिशव्यांच्या ढिगाऱ्यात बसलेला माणूस दिसला. हीटर बंद पडला की तो उठायचा, बटण दाबायचा, परत बसायचा. फ्रेम सुंदरच होती, खोटं कशाला बोलू. फोटो काढला नाही. पण खिशातले वीस डॉलरही दिले नाहीत, बस आली आणि मी चढलो. त्या दिवशी आईला खिडकीतून पार्किंगचा फोटो पाठवला. हिवाळ्याच्या सौंदर्यावर कुणी बोलायला लागलं की (मी स्वतः बोलत असलो तरी) मला आधी तो माणूस आठवतो. घरी परतून चहा मिळणार हे नक्की असेल तरच निळ्या सावल्या दिसतात. ती अट माझ्या एकाही फोटोत दिसत नाही, म्हणून इथे लिहिली.

तरी मित्राला माझं उत्तर तेच आहे. नुसतं बघायला सांगणारे मुळात घराबाहेर पडलेले असतात. मला बाहेर काढायलाच काहीतरी कारण हवं होतं.

परवा आईनेही उलट फोटो पाठवला. गच्चीवरची तुळस, मागे धुकं, कोपऱ्यात तिचा अंगठा. खाली लिहिलं होतं, "आज १० अंश. तुझं दाखव."

चहा संपला. सूर्यास्ताला अजून पाऊण तास आहे, कानटोपी सापडत नाहीये.