सुविचारांचा रतीब

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. जेवणे आटोपून ओटा पुसून झालेला असतो, घरातली वडीलधारी मंडळी अंथरुणाकडे वळलेली असतात आणि नेमक्या त्याच वेळी चौथीतल्या चिरंजीवांना आठवण होते, "आई, उद्या परिपाठात माझा सुविचार आहे! आणि सामान्यज्ञानाचे पाच प्रश्नपण मीच विचारायचेत!" मग एकच धांदल. पूर्वी अशा वेळी शेजाऱ्यांकडून जुनी दिनदर्शिका मागून आणीत. आता आईचा मोबाईल पुरतो. दोन मिनिटांत सुविचार हाती लागतो. त्याच्याखाली विवेकानंद, कलाम किंवा आइन्स्टाइन यांपैकी कोणाचे तरी नाव असते. चिरंजीव तो वहीत उतरवून घेतात आणि निजतात. सकाळी प्रार्थनेनंतर तो खणखणीत आवाजात वाचला जातो, बाई "छान!" म्हणतात, टाळ्या होतात, रंगीत खडूने तो फळ्यावर उमटतो आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसला जातो. गवळ्याच्या रतिबासारखा हा सुविचारांचा रतीब वर्षाचे दोनशेवर दिवस बिनबोभाट चालू आहे. गवळ्याच्या दुधात पाणी किती, हे निदान घरची बाई बोट बुडवून पाहते. इथे तेवढेही कोणी करीत नाही.

ऐन दिवाळीत, चकल्या-करंज्यांचे ताट समोर असताना, शाळेच्या प्रार्थनेवर टीका करायला बसलेला हा कोण अरसिक, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. मुले सुटीत घरी आहेत, त्यांच्या वह्या दप्तरात आहेत आणि आई-वडिलांना चार दिवस सवड आहे. तेव्हा हा विषय काढायला याहून बरा मुहूर्त मला तरी सापडत नाही. त्या वह्या एकदा उघडून पाहाच.

प्रथम सामान्यज्ञान घेऊ. 'चंद्रावरून दिसणारी मानवनिर्मित वस्तू कोणती?' उत्तर : चीनची भिंत. हा प्रश्न मी स्वतः शाळेत असताना ऐकला, माझ्या मुलांनी ऐकला आणि आज नातवंडेही तोंडपाठ म्हणतात. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले १९६९ साली. हे विधान त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून छापले जात होते, म्हणजे ते पाहून कोणी लिहिलेलेच नव्हते. २००३ साली चीनने आपला पहिला अंतराळवीर यांग लिवेई याला अवकाशात पाठविले. तो परत आला आणि त्याने सांगून टाकले की भिंत आपल्याला दिसली नाही. तो तर चंद्राच्या मानाने पृथ्वीच्या अंगणातच फिरत होता! पण यांग लिवेईला कशाला त्रास द्यायचा? भिंतीची रुंदी सहा मीटर धरा, चंद्राचे अंतर ३,८४,००० किलोमीटर आहे. सातवीतल्या मुलाला त्रैराशिक मांडू द्या. डोक्यावरचा एक केस पाच किलोमीटरवर धरला तर तो जितका दिसेल, तितकी ती भिंत चंद्रावरून दिसेल. हे गणित फळ्यावर पंधरा मिनिटांत होते, मुलांना त्यात गंमत वाटते आणि जे कळते ते जन्मभर राहते. पण ही पंधरा मिनिटे कोणी देत नाही; कारण उत्तर 'ठरलेले' आहे.

दुसरा प्रश्न, आपला राष्ट्रीय खेळ कोणता? हॉकी! शंभरातली शंभर मुले हात वर करतात. केंद्र सरकारच्या क्रीडा मंत्रालयाने २०१२ साली माहितीच्या अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना स्पष्ट लिहिले की कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेले नाही. तसेच राष्ट्रभाषेचे. घटनेच्या ३४३व्या कलमात हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हटले आहे. राष्ट्रभाषा हा शब्द तिथे नाही. आता यातली खरी गोम लक्षात घ्या. ज्या मुलाने 'हॉकी' लिहिले त्याला एक गुण मिळतो आणि ज्याने 'असा खेळ जाहीर झालेला नाही' असे लिहिले त्याचा गुण जातो. खरे माहीत असणाऱ्याला दंड आणि ऐकीव सांगणाऱ्याला बक्षीस; आणि या व्यवहाराच्या शेजारीच, त्याच फळ्यावर, सत्याचा महिमा सांगणारा सुविचार!

आता त्या सुविचारांकडे आणि बोधकथांकडे वळतो, कारण माझे मुख्य भांडण त्यांच्याशी आहे. लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने कुऱ्हाडीने वडिलांचे चेरीचे झाड तोडले आणि विचारताच न भिता कबूल केले, ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही? खरे बोलावे हे शिकविण्यासाठी आपण ती मराठी मुलांना सांगत आलो. वॉशिंग्टन वारला १७९९ साली. पुढल्याच वर्षी मेसन लॉक वीम्स नावाच्या एका धर्मोपदेशकाने त्याचे चरित्र छापले, त्यावर चांगले पैसे मिळविले आणि १८०६ सालच्या आवृत्तीत ही गोष्ट त्यात घातली. तिला कसलाही विश्वसनीय आधार नाही. ती वीम्सने रचली असेच इतिहासकार मानतात. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे जग मुलांना सत्य बोलायला शिकवीत आहे, ते एक थाप मारून!

आणि आपल्या घरचे पाहायचे तर ते पत्र. लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले. महाराष्ट्रात अशी शाळा विरळा, जिच्या कार्यालयात ते काचेच्या चौकटीत टांगलेले नाही. गुरुपौर्णिमेला, शिक्षकदिनाला, निरोपसमारंभाला ते वाचले जाते. वाचणाऱ्याचा गळा दाटून येतो. पण हे पत्र कोणत्या शाळेला, कोणत्या तारखेला लिहिले, त्या भाग्यवान हेडमास्तरांचे नाव काय, हे त्या चौकटीत कधी लिहिलेले असते काय? लिंकनचे समग्र लेखन १९५३ ते १९५५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झाले. त्याच्या किरकोळ चिठ्ठ्यासुद्धा त्यात वेचून घेतल्या आहेत. हे पत्र त्यात नाही. लिंकनने ते लिहिल्याचा कसलाच पुरावा नाही.

इथे माझे शिक्षक मित्र रागावतात. ते म्हणतात, "अहो, लिहिणारा कोणी का असेना! भाव पाहा. विचार चांगला आहे ना? मुलांवर संस्कार होतो ना?" हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. विचार जर स्वतःच्या बळावर उभा असेल, तर लिंकनची सही काढून टाका. आपल्याला ज्या मराठीने भारून टाकले ती मराठी वसंत बापटांची आहे. चौकटीखाली बापटांचे नाव घाला आणि एक सुंदर मराठी रचना म्हणून ती वाचा. मी सर्वांआधी टाळी वाजवीन. पण तसे आपण करीत नाही, कारण सही काढली तर आपल्यालाच ते शब्द हलके वाटू लागतील अशी आतून भीती असते. मग मुलाने यातून काय उचलावे? हेच की बोलणे खरे आहे की नाही ते पाहायचे नसते, ते कोणाच्या नावावर आहे ते पाहायचे असते. मोठेपणी हाच मुलगा कोणत्याही मोठ्या नावाखाली आलेली कोणतीही अफवा डोळे मिटून दहा जणांना पाठवितो, तेव्हा आपण कपाळाला हात लावतो. अहो, त्याला सकाळी सकाळी, राष्ट्रगीतानंतर, आपणच ती सवय लावली ना?

आणि दुःख हे की खरा लिंकन या खोट्या पत्राहून मोठा आहे. त्याचा मुलगा रॉबर्ट १८५९ साली हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला. वर्षभर तयारी करून पुढल्या वर्षी आत गेला. त्या वर्षी त्याचा एक मित्र, जॉर्ज लेथम, नापास झाला. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार होता, डोक्यावर निवडणूक होती. तरी २२ जुलै १८६० रोजी त्याने वेळ काढून या दुसऱ्याच्या मुलाला पत्र लिहिले. तुझ्या अपयशाने मला किती वाईट वाटले, पण निराशेला मनात घर करू दिले नाहीस तर यात फारसे काही बिघडलेले नाही, सोप्या वाटेने आत गेलेल्यांपेक्षा तू पुढे मोठा होणार नाहीस असे यावरून मुळीच सिद्ध होत नाही, अशा अर्थाचे ते पत्र आहे. हे पत्र अस्सल आहे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी, कोपऱ्यात तोंड लपवून बसलेल्या पोरापुढे ठेवावे असे आहे. ते मात्र मी आजवर एकाही शाळेच्या भिंतीवर पाहिले नाही.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. 'भारत माझा देश आहे' ही प्रतिज्ञा आपली मुले रोज म्हणतात. ती मूळ तेलुगूत लिहिली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, १९६२ साली. ते तेव्हा विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. सरकारी हिशेब सांभाळणाऱ्या एका माणसाने लिहिलेले हे शब्द कोट्यवधी मुलांच्या तोंडी बसले. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर प्रतिज्ञा असते, पण तिच्याखाली त्यांचे नाव माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही. ज्याने लिहिले त्याचे नाव नाही, आणि ज्याचे नाव आहे त्याने लिहिले नाही!

गांधीजींचीही यातून सुटका नाही. जगात जो बदल हवा तो तुम्हीच व्हा, हे वाक्य त्यांच्या चरख्याच्या चित्राखाली छापून विकतात. नेमके हे वाक्य त्यांच्या लिखाणात सापडत नाही. मात्र त्याच्या जवळ जाणारे एक स्थळ आहे. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये ते एक गुजराती लेखमाला लिहीत होते आणि तिचे नाव, गंमत पाहा, 'आरोग्याविषयी सामान्य ज्ञान' असे होते! त्यात सर्पदंशावर लिहिता लिहिता ते म्हणून जातात की माणूस स्वतः बदलला तर जगाची त्याच्याकडे पाहण्याची रीतही बदलते, दुसरे काय करतात याची वाट पाहू नये. विषारी सापापुढे उभ्या असलेल्या माणसाला उद्देशून आलेला हा विचार आहे. त्याच्यातला साप काढून टाकला, भीती काढून टाकली, आणि उरलेली गुळगुळीत गोळी आपण पोरांच्या हातावर ठेवली.

शिक्षकांना मी दोष देत नाही. जनगणना त्यांनी करायची, निवडणुकीची पेटी त्यांनी वाहायची, तांदळाचा हिशेब त्यांनी ठेवायचा, आणि वर परिपाठाच्या प्रत्येक वाक्याचा मागोवाही त्यांनीच घ्यायचा, हे माणसाच्या आवाक्यातले नाही. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. एका शाळेत सहावीतल्या एका मुलाने त्या चीनच्या भिंतीच्या प्रश्नाला उत्तर न देता उलट विचारले, "कशावरून, सर?" सरांनी त्याला खाली बसविले. पोरे हसली. याच शाळेत रोज घटनेचे प्रास्ताविक मोठ्याने म्हणतात. त्याच घटनेत १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ५१ क हे कलम आले आणि त्यात वैज्ञानिक दृष्टी व शोधक बुद्धी वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. तो पोरगा त्या सकाळी आपले मूलभूत कर्तव्य बजावीत होता, आणि त्याचे फळ त्याला मिळाले ते असे.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या वर्षांत अमळनेरला शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून एक दैनिक काढीत. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. त्या माणसाजवळ उपदेश कमी होता काय? पण मुलांच्या अस्ताव्यस्त पडलेल्या खोल्या ते आधी स्वतः आवरीत. 'श्यामची आई' काढून पाहा. तीत आई श्यामला सुविचार वाचून दाखवीत नाही. प्रसंग घडतो, श्याम चुकतो, रडतो, रागावतो, आणि मग त्याला काहीतरी कळते.

म्हणून परिपाठ बंद करा असे माझे म्हणणे नाही. दहा मिनिटे आहेत ती राहू द्या. पण मुलाने मोबाईलवरचे वाक्य आणण्याऐवजी स्वतः पाहिलेली एक गोष्ट आणावी, आणि ती आपल्याला कशावरून कळली तेही सांगावे. गावच्या आडाला चैत्रात किती हात पाणी असते, नळाचे पाणी कोणत्या धरणातून येते, आजीच्या वेळी पायलीचे माप केवढे होते, शाळेच्या आवारात झाडे किती आणि कोणती. पहिले चार दिवस मुले गोंधळतील. पाचव्या दिवशी आवरता आवरणार नाहीत.

एका खेड्यातल्या शाळेत पाहुणा म्हणून गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. पाचवीतली एक मुलगी सुविचार सांगायला पुढे आली आणि पाठ केलेले वाक्य ऐन वेळी विसरली. ओढणीचे टोक पिळीत ती क्षणभर उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "काल आमच्या आईचे सुट्टे पैसे राहिले होते, तर एस.टी.चा कंडक्टर गाडी थांबवून आमच्या अंगणापर्यंत द्यायला आला." सगळी शाळा हसली. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. पाहुण्यांसमोर असे व्हावे! त्यांनी तिला मागे पाठविले आणि दुसऱ्या मुलीने आइन्स्टाइनच्या नावावरचे काहीतरी खणखणीत म्हटले. परिपाठ संपल्यावर मी त्या पहिल्या मुलीला शोधून काढले आणि किती पैसे होते म्हणून विचारले. ती अजून मान खाली घालूनच होती.

"तीन रुपये," ती म्हणाली, "आणि त्याला उशीर झाला म्हणून गाडीतले लोक ओरडत होते."