रिमोट हातात, पण धडा कुणाचा?



आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई चार घरची धुणीभांडी करते. इंटर्नशिपच्या शाळेत तिचा सहावीला नागरिकशास्त्राचा पाठ होता: नागरी स्थानिक शासन संस्था. टाचणात 'तंत्रज्ञानाचा वापर' दाखवायचाच, त्याला गुण. स्वतःचा लॅपटॉप नाही. मैत्रिणीचा मागून आणला आणि नेटवरचा एक तयार व्हिडिओ लावला. पडद्यावर खुर्चीतले साहेब आले, नकाशा बघणारे अभियंते आले आणि शेवटी झाडू घेऊन हसणारा सफाई कामगार आला. त्याच क्षणी अर्धा वर्ग मागं वळला आणि शेवटच्या बाकावरच्या एका पोराकडं बघून हसला. त्याचे वडील ठेक्यावर झाडूकाम करतात.

तिनं व्हिडिओ बंद केला. फळ्यावर लिहिलं, 'आज तुमच्या घरातून काय काय कचरा निघाला?' मुलं सांगत गेली, यादी वाढत गेली. मग तिनं विचारलं, हा आठ दिवस कुणी उचललाच नाही तर? त्या माणसाच्या हातात मोजे का नव्हते? ते द्यायची जबाबदारी कुणाची? मागच्या बाकावरचा हात वर आला. "ठेकेदाराची. पण तो देत नाही."

निरीक्षण वहीत शेरा पडला: साधनाचा वापर अपूर्ण, पाठाचा ओघ तुटला. गुण कापले गेले. अभ्यासिकेत येऊन ती मला म्हणाली, "दादा, माझं चुकलं का?"

हा प्रश्न एकट्या तिचा नाही, म्हणून हा लेख.

'तंत्रज्ञानाला जात नसते' हे वाक्य आपण रोज ऐकतो. यंत्राला जात नसेलही. पण यंत्र कुणाच्या घरात आहे आणि पडद्यावर काय दाखवायचं हे कोण ठरवतं, याला जात आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी २०१७-१८ ची. त्यानुसार देशाच्या ग्रामीण भागात संगणक होता फक्त ४.४ टक्के घरांत, इंटरनेट १४.९ टक्के घरांत. दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर गेले. वस्तीतली किती पोरं तेव्हा वर्गाबाहेर राहिली, हे आपल्याला कुणी आकडे देऊन सांगायची गरज नाही. आपण ती बघितली आहेत.

आता दुसरी बाजू. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, अभ्यासक्रमात वीस आठवड्यांचा शालेय अनुभव आला, माहिती तंत्रज्ञानाचा विषय आला. चांगलंच झालं. पण प्रत्यक्षात छात्राध्यापिकेला काय शिकवलं जातं? स्लाइड कशी करायची, व्हिडिओ कसा लावायचा, पुस्तकातला क्यूआर कोड कसा स्कॅन करायचा. लावलेल्या व्हिडिओची चिकित्सा कशी करायची, हे शिकवलं जात नाही. त्या व्हिडिओत सफाई कामगार होता, पण हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा नव्हता. झाडू होता, ठेकेदार नव्हता. जुन्या पुस्तकातली जातव्यवस्था रंगीत करून पडद्यावर लावली, तर त्याला आधुनिक शिक्षण म्हणायचं का? असा व्हिडिओ गुपचूप शेवटपर्यंत चालवणारा माणूस शिक्षक नाही, तो ऑपरेटर आहे.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, हे सगळं भांडवलदारांचं आहे, आपला खडू-फळाच बरा. त्यांनाही माझा विरोध आहे. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. म्हणून बाबासाहेबांनी छपाईचं तंत्र नाकारलं का? ३१ जानेवारी १९२० ला स्वतःचं पाक्षिक काढलं, पुढे छापखानाही उभारला. साधन सोडायचं नसतं, ते ताब्यात घ्यायचं असतं. आज वर्गातला पडदा हे तसंच साधन आहे. तो सोडला तर त्यावर आपल्याबद्दल दुसरेच बोलत राहतील.

म्हणून तीन गोष्टी. एक, ग्रंथालयातून पुस्तक मिळतं तसा पाठासाठी लॅपटॉप महाविद्यालयानं दिला पाहिजे. घरात लॅपटॉप आहे म्हणून जादा गुण, हे गुणवत्तेचं नव्हे, ऐपतीचं मोजमाप आहे. दोन, निरीक्षण वहीत एक रकाना हवा: साधनात कोण दिसतं, कोण दिसत नाही आणि शिक्षकानं त्यावर काय केलं? तीन, हे आपलं स्वतःचं काम आहे. प्रत्येक विहारात शिकलेली पोरं आहेत, हातात मोबाइल आहे. नगरपालिकेवरचा दहा मिनिटांचा पाठ सफाई कामगारांशी बोलून आपणच तयार करू. त्यात हातमोजेही असतील, किमान वेतनही असेल आणि कायदाही असेल.

त्या मुलीला मी सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. ओघ तुटला हे खरं आहे, आणि तो तुटायलाच हवा होता. तिचा पुढचा पाठ येत्या महिन्यात आहे. या वेळी व्हिडिओ आपल्या अभ्यासिकेतून जाणार आहे. ज्यांना चित्रीकरण येतं, त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावं.

जय भीम!