थेंबभर रक्त आणि चिमूरच्या मुलांपुढची वाट

आशाताई बोटाला टोचून रक्ताचा थेंब किटवर घेतात आणि १५-२० मिनिटांत हिवताप आहे की नाही ते कळते. चिमूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हे ओळखीचे दृश्य. किटच्या पट्टीवरील बारीक छिद्रांतून रक्त आपोआप पुढे सरकते. द्रवाच्या अशा सूक्ष्म प्रवाहाचे शास्त्र म्हणजे मायक्रोफ्लुइडिक्स.

क्षयरोगाची तपासणी चिपवर करणारे, बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ हे याच दिशेचे यंत्र. ते गोव्याच्या मोलबायो कंपनीचे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. म्हणजे अशा साधनांची गरज वाढणार.

नोकऱ्या मात्र मुंबई, पुणे, बंगळुरूकडे एकवटल्या आहेत. संशोधनासाठी मेकॅनिकल, केमिकल किंवा बायोटेक्नॉलॉजीची पदवी आणि पुढे बहुधा एम.टेक. किंवा पीएच.डी. लागते. डीएमएलटी झालेल्यांना यंत्रे हाताळण्याचे काम जवळच्या प्रयोगशाळेतही मिळू शकते.

बहुतेक किट ४० अंशांखाली ठेवावे लागतात. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ ओलांडतो. ही अडचण शहरातल्या प्रयोगशाळेत सहज जाणवत नाही. इथल्या मुलांना ती ठाऊक आहे. संशोधनात त्यांची गरज आहे ती म्हणूनच.