मर्डॉकला मोकळं सोडलं?

जेम्स ग्रॅहॅम यांचं 'इंक' हे नाटक २०१७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या अल्मेडा थिएटरमध्ये आलं, तिथून वेस्ट एंडला आणि २०१९ मध्ये ब्रॉडवेवर गेलं. त्यात रुपर्ट मर्डॉक साकारणाऱ्या बर्टी कार्व्हेलला लंडनचा ऑलिव्हिए आणि न्यूयॉर्कचा टोनी असे दोन्हीकडचे पुरस्कार मिळाले. इतकं कौतुक होऊनही प्रेक्षकांमधून एक तक्रार ऐकू येतच राहिली: नाटककाराने मर्डॉकला फार सहज सोडून दिलं. ज्याच्या वृत्तपत्रांनी पुढे माणसांची खासगी आयुष्यं चव्हाट्यावर मांडली, तो इथे हुशार, काहीसा बुजरा, लंडनच्या उच्चभ्रूंना अंगावर घेणारा तरुण म्हणून दिसतो. मध्यंतर होईतो आपण चक्क त्याच्या बाजूने झुकलेले असतो, आणि हे अनेकांना खटकलं. खटकायलाच हवं. माझ्या मते ग्रॅहॅम यांनी हा खटका ठरवून घडवून आणला आहे, आणि नाटकाची खरी कमाई तीच आहे.

गोष्ट १९६९ ची. तोट्यात चाललेला 'सन' मर्डॉक विकत घेतो आणि यॉर्कशायरमधल्या लोहाराच्या मुलाला, लॅरी लॅम्बला, संपादक नेमतो. समोर 'डेली मिरर' उभा आहे, खप पन्नास लाखांच्या घरात. 'सन'चा दहा लाखही नाही. वर्षभरात मिररला मागे टाकायचं, असा नाटकातला पण. एका प्रसंगात लॅम्ब घाईघाईने जमवलेल्या आपल्या माणसांना विचारतो, तुम्हाला स्वतःला काय आवडतं ते बोला. लोकांना काय आवडायला हवं, हे त्याला ऐकायचंच नसतं. आधी सगळे संकोचतात, मग एकेक जण बोलू लागतो: टीव्ही, फुकट मिळणाऱ्या वस्तू, सेक्स. यादी वाढते तसा हशाही वाढतो, कारण ही यादी खुर्चीत बसलेल्या माणसाचीही असते. घरी भारदस्त वृत्तपत्र घेणारा सुशिक्षित लंडनकर त्या हशात सामील झाला की नाटकाचं निम्मं काम झालं. पुढे डिसेंबर १९६९ मध्ये मर्डॉकचे सहकारी ॲलिक मॅके यांच्या पत्नी म्यूरिअल यांचं अपहरण होतं. अपहरणकर्त्यांना खरं तर मर्डॉकची बायको हवी होती. चुकून या हाती लागल्या. दहा लाख पौंडांची खंडणी मागितली जाते. आपल्याच घरातलं हे संकट छापायचं का? लॅम्ब छापतो, लावून धरतो. प्रेक्षकाला आता त्याचा राग येतो, पण पुढे काय झालं हे त्यालाही ऐकायचंच असतं. नाटक त्याला पकडतं ते इथे. म्यूरिअल मॅके यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. यानंतर येणारं, तिसऱ्या पानावर उघड्या तरुणींची छायाचित्रं छापण्याचं 'पेज थ्री'चं प्रकरण मला तुलनेने सरधोपट वाटतं. तिथे कुणाची बाजू घ्यायची हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं.

याच विषयावर रिचर्ड बीन यांचं 'ग्रेट ब्रिटन' २०१४ मध्ये नॅशनल थिएटरने केलं, मर्डॉकच्याच वृत्तपत्रातल्या फोन हॅकिंगच्या खटल्याचा निकाल लागल्यावर अवघ्या काही दिवसांत. त्यात पत्रकार निर्ढावलेले, पोलीस विकले गेलेले, राजकारणी लाचार. हसून हसून पोट दुखावं असा मामला. पण त्या हसण्याची झळ हसणाऱ्याला कुठेच लागत नाही. या बाबतीत विजय तेंडुलकर कितीतरी पुढे होते. एका पत्रकाराने बाई विकत घेऊन बातमी केल्याच्या खऱ्या घटनेवरून सुचलेल्या 'कमला'मध्ये त्यांनी त्या बाईला, कमलाला, जिथे हजर केलं जातं ती पत्रकार परिषद रंगमंचावर आणलीच नाही. तिथे कमलाला कसले अश्लील प्रश्न विचारले गेले, हे तिला विकत घेणारा पत्रकार जयसिंग आणि त्याचा मित्र जैन पिऊन, खिदळत एकमेकांना सांगतात. प्रेक्षक ते कान टवकारून ऐकतो. जुन्या वळणाचे पत्रकार काकासाहेब यांचा संताप असतो म्हणून त्याला जरा सावरायला जागा मिळते. पण पुढे कमला जयसिंगच्या बायकोला, सरितालाच, तिची किंमत विचारते, तेव्हा प्रश्न वृत्तपत्राच्या कचेरीतून उठून थेट प्रेक्षकाच्या घरात शिरतो.

'इंक'वरचा सर्वांत गंभीर आक्षेप हिल्सबरोचा आहे. १९८९ मध्ये त्या नावाच्या फुटबॉल स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या चाहत्यांचे बळी गेले. मृतांचा आकडा आज ९७ मानला जातो. चारच दिवसांनी 'सन'ने 'सत्य' असा मथळा देऊन पहिल्या पानावर छापलं, की चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले. ते धादांत खोटं होतं. १९७० च्या आसपास थांबणारं नाटक हे सगळं गाळतं, मग ही सूट नव्हे तर काय? ब्रिटिश प्रेक्षकापुरतं याला उत्तर आहे: हिल्सबरो आणि २०११ चं फोन हॅकिंग प्रकरण तो डोक्यात घेऊनच नाटकाला येतो, आणि लॅम्बच्या प्रत्येक यशाखाली त्याला ते दिसत राहतं. मात्र हा आधार ब्रिटनबाहेर लंगडा पडतो, हे कबूल करायला हवं. उद्या कुणी हे नाटक मराठीत आणलं तर आपल्या प्रेक्षकाकडे ती शिदोरी नसेल, आणि मर्डॉक निव्वळ नायक ठरण्याचा धोका खराच आहे.

दुसरा आक्षेप असा, की प्रेक्षक अपराधी वगैरे काही होत नाही, मजा घेतो आणि घरी जातो. याला 'शिकागो'चा दाखला देता येईल. 'शिकागो ट्रिब्यून'च्या बातमीदार मॉरीन वॉटकिन्स यांनी १९२४ मध्ये खुनाचे आरोप असलेल्या दोन स्त्रियांचे खटले रंगवून लिहिले, दोघीही सुटल्या. त्यावरचं त्यांचं उपरोधिक नाटक १९२६ मध्ये ब्रॉडवेवर आलं, १९७५ मध्ये त्याचं संगीत नाटक झालं, आणि त्याचा १९९६ पासूनचा प्रयोग आजही जोरात चालतो. त्यातल्या खुनी नायिकेला, रॉक्सीला, नाटकातले ज्युरी भुलतात, तसेच तिकीट काढून आलेले लोकही भुलतात. तेव्हा नाटकाने प्रेक्षक सुधारतो असा माझा दावाच नाही. प्रेक्षकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवणारं नाटक त्याच्याबद्दल खोटं बोलतं, इतकंच माझं म्हणणं आहे.

उरतो तो नेहमीचा बचाव: वाचक बिचारा जे वाढलं जाईल ते खातो. मुंबईत २०२० मध्ये एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी महिनोन्‌महिने जे चालवलं, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कडक ताशेरे ओढले. ताशेरे योग्यच होते, पण ते वाहिन्यांवर होते. रोज रात्री समोर बसणाऱ्या घरांबद्दल कुठलंही न्यायालय काय बोलणार? 'सन'ने १९७८ मध्ये मिररला गाठून मागे टाकलं, ते पैसे मोजून पेपर घेणाऱ्यांच्या जोरावर. वाचकाला नाही म्हणता येतं याचा पुरावाही त्याच पेपरच्या इतिहासात आहे. हिल्सबरोनंतर लिव्हरपूलने 'सन' घेणं सोडलं. २०१२ मध्ये त्याने पहिल्या पानावर माफी मागितली, तरीही त्या शहरातल्या अनेक दुकानांत तो पेपर विकायला ठेवत नाहीत.